ओळख नाकारली त्याची गोष्ट

मंडळी, आज देवाच्या दारात उभा राहून एक प्रश्न विचारतो. दिलेला शब्द माणसाने फिरवला, तर त्याचं पाप त्याच्या एकट्याच्या माथी, की समोर बसून माना डोलावणाऱ्यांच्याही? विचार करा! घाई नाही. माझं उत्तर मला ठाऊक आहे आणि ते सांगताना मला लाज वाटते, एवढं आधीच सांगून टाकतो.

आख्यान अमेरिकेचं आहे. हसू नका! देव काय फक्त देवरुखातच राहतो? मागल्या वर्षी मी दोनदा तिकडे कीर्तनाला गेलो आणि दोन्ही वेळा उतरलो जयवंत शेट्येच्या घरी. मूळचा आपल्या साखरप्याचा. तीस वर्षं तिकडे, नागरिक झालेला. घरी बायको नाही, ती वारली. आई द्वारकाबाई, शहाऐंशी वर्षांच्या, चाकाच्या खुर्चीवर. आणि त्यांना न्हाऊमाखू घालायला रोज येणारी डोलोरेस. पन्नाशीची बाई, परमुलखातून आलेली, जवळ तिथे राहायची कागदपत्रं नाहीत. द्वारकाबाई तिला डोली म्हणायच्या. त्यांना इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नाही — आणि दिवसभर दोघींच्या गप्पा! काय बोलायच्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

या जयवंताला आमदारकीची हौस आली. आता तिकडे तिकीट वरून येत नाही बरं का! मुंबईला खेपा नाहीत, दिल्लीला लोटांगण नाही. (तुम्ही का हसलात, पाटील? मी कुणाचं नाव घेतलं?) त्या राज्यात आधी पक्षातल्या पक्षात निवड. त्या सभेला कॉकस म्हणतात. शाळेच्या मोठ्या हॉलात गावकरी जमतात आणि ज्याला जो उमेदवार पसंत, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात. चिठ्ठी नाही, पडदा नाही! सगळ्यांच्या देखत, आपल्या पायांनी. आणि मन बदललं तर चालत दुसऱ्या कोपऱ्यात जायचं.

फेब्रुवारीत मी तिथे भिंतीला टेकून उभा होतो. जयवंताच्या कोपऱ्यात माणसं कमी. तेवढ्यात त्याने डोलोरेसला पुढे बोलावलं. तिला मत नव्हतं, पण बोलायची परवानगी मिळाली. म्हणाली, "माझ्यासारख्यांना लायसन मिळत नाही. मी रोज दहा किलोमीटर लायसनशिवाय गाडी चालवते. पोलीस दिसला की हात गार पडतात. एकदा पकडली गेले की मला देशाबाहेर घालवतील. पण मी गेले नाही तर म्हातारीला आंघोळ कोण घालणार?"

मंडळी, त्या बाईने आपली मान सगळ्यांसमोर ठेवली! कुणासाठी? जयवंतासाठी. आणि जयवंत तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी निवडून आलो, तर पहिला कायदा हिच्या लायसनचा!"

लोक चालायला लागले. एक, दोन, पाच — सगळे त्याच्या कोपऱ्यात. मी टाळ्या वाजवल्या. हाताला झिणझिण्या आल्या.

पुढे मोठी निवडणूक आली. आता मतं सगळ्या गावाची हवीत. सल्लागार म्हणाले, हवा फिरली, लायसनचं नाव काढू नका. ऑक्टोबरात मी पुन्हा गेलो, तर वादसभा ठेवलेली, टीव्हीवर सगळं थेट. मी पहिल्या रांगेत, जयवंताने दिलेला कोट घालून! विरोधी उमेदवाराने विचारलं, "ती लायसनशिवाय गाडी चालवणारी बाई तुमच्याच घरी कामाला आहे ना? तिच्यासाठी कायदा आणणार होतात ना?"

जयवंताने पाण्याचा घोट घेतला. म्हणाला, "असा शब्द मी कुणालाही दिलेला नाही. आणि ती बाई... एजन्सी पाठवते. माझी तिची ओळख नाही."

चार वर्षं! चार वर्षं जिने त्याच्या आईची वेणी घातली, तिची ओळख नाही!

आणि आमची रांग काय करत होती? टाळ्या. शेजारचे वाजवत होते, म्हणून मीही वाजवल्या. हे दोन हात, मंडळी. ह्याच हातांनी मी तुमच्यापुढे चिपळ्या वाजवतो.

घरी आलो तर द्वारकाबाई टीव्हीसमोर. लेकाकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाल्या, "डोली चालत गेली रे. गाडी चालवायची भीती वाटते म्हणाली." भाषा येत नव्हती, तरी म्हातारीला सगळं कळलं होतं.

त्यानंतर डोलोरेस रोज दोन बस बदलून, उरलेली वाट पायी येत राहिली. मी निकालापर्यंत तिथेच होतो. आणि नोव्हेंबरातल्या निवडणुकीत जयवंत पडला. चांगला सपाटून पडला! जुनी माणसं त्याला सोडून गेली आणि नवी आलीच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ पडत होता. बेल वाजली. दारात डोलोरेस, बूट ओले, ओठ निळे. जयवंत खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही आज कशाला आलात?"

ती म्हणाली, "आज बुधवार. बुधवारी आईंचं डोकं धुवायचं असतं. मी त्यांना येते म्हणाले होते."

"डोलोरेस, मी त्या दिवशी..."

"बाजूला व्हा. पाणी तापवायचंय. आजचा माझा शेवटचा दिवस. इथे सगळे मला आता ओळखतात. उद्या बहिणीकडे दुसऱ्या राज्यात जाते."

तिने म्हातारीचं डोकं धुतलं, पुसलं, वेणी घातली. निघताना द्वारकाबाईंनी तिचा हात धरून ठेवला. सुटेना. शेवटी जयवंतालाच आईची बोटं एकेक करून सोडवावी लागली. मी शेजारी उभा होतो. मला तिची माफीसुद्धा मागता आली नाही. इंग्रजी कळतं, पण बोलता येत नाही, हे आपलं निमित्त!

तेव्हा मंडळी, जयवंताला नावं ठेवून घरी जाऊ नका. ते सोपं आहे. पुढाऱ्याला जीभ फिरवायचं बळ कोण देतं? कालच्या शब्दालाही टाळी, आजच्या नकारालाही टाळी — ती कुणाची? तुमच्या घरी कुणी धुणं धुतं, कुणी म्हाताऱ्यांना उचलून बसवतं. चार माणसांत त्यांच्याबद्दल विचारलं, तर तुम्ही काय सांगाल? ओळखतो म्हणाल?

आज मला हार घालू नका. नारळही नको. आरतीला उभे राहा, आणि त्याआधी घटकाभर मान खाली घाला. मीही घालतो.