तिसऱ्या ग्लासातला वास

हॅलो?... हॅलो, कोण?... नीलाबाई? अवो, लहानपणी ऐकला तसाच आला तुमचा आवाज. पहाटे आमच्या दाराशी येऊन म्हणायच्या ना तुमी...

मोह गळे टपटप, रातभर झाडाखाली,
आधी उठे जी पोर, तिची टोपली भरली...

हो, हो, तेच. अन् मी पांघरुणात तोंड लपवायची... आता हासत नका बसू, रेंज जाईल. टेकडीवर चढल्या ना?... मंग वरच्या दगडावर बसा. हं.

पोचली ना वाईनच्या कारखान्यात, कवाचीच... नाई वो, दारूच्या दुकानासारखं कायीच नाई इथी. लांब लाकडी ओटा, काचेची भिंत, अन् काचेपल्याड कारखान्याचीच मोहाची झाडं... बाया? बायाही बसल्या आहेत, नवऱ्याच्या बाजूले. कोणी लपत नाई... अवो, वैनगंगेच्या या अंगाले बंदी नाई ना. बंदी आपल्या गडचिरोलीत.

घेतली का म्हणता?... जीभ ओली केली फकत... खरंच. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा अन् भांड्यात थुकायचा... हो, थुकायचा. आमच्या घरच्याले सांगू नका, त्याच्या जिवाले लागंल.

अवो, ऐका तर खरं. मालक, विनोदभाऊ, स्वतः ओट्यामागं उभे. माह्यासमोर तीन ग्लास ठेवले. म्हणे, ललिताताई, फुलं तुमच्याच गावची, सांगा कशी झाली वाईन. पहिला सुंगला, चांगला. दुसराही चांगला. तिसरा नाकाशी नेला अन्... हो, तोच. मागच्या साली ज्याच्यापायी याइनं आपल्या गावची फुलं घेणं बंद केलं, तोच वास.

नाई... नाई म्हणते ना. डांबराचा नाईच तो. तुमी सडकेवर फुलं वाळवली म्हणून बायाइनं तुमच्यावर आळ घेतला, तो खोटा... खोटा, नीलाबाई. अजून एकदा सांगू?... खोटा... रडू नका वो.

धुराचा. झाडाखालचा पाला जाळला की वरून पडलेलं फूल तो धूर पिते, मंग कितीबी वाळवा... हो, म्या तसंच म्हटलं. तिथी त्याइचा एक तज्ज्ञ उभा. तो म्हणे, पिंप खराब असंल. दोन पिंपं बदलून टाकली म्हणे. म्या म्हटलं, साहेब, पिंपाले काऊन दोष देता, जरा पाला आणा. आणला बिचाऱ्यानं. अंगणात पेटवला, गोदामातली मूठभर फुलं त्या धुरावर धरली, अन् त्याच्या नाकाशी नेली... म्हणे, हाच तो वास. लोक ग्लास सोडून पाहाले आले, नीलाबाई. अन् मी मधात उभी, राखेनं हात काळे.

हो, आपली फुलं घेतेत. याच साली... सगळ्या घरची. एकूण एक घरची. आता तरी हासा... अट एकच. पाला जाळायचा नाई. झाडून काढायचा, नाईतर झाडाखाली जाळी बांधायची. अन् त्याच्यावर नजर ठेवाले गावातली एक बाई नेमायची. म्या तुमचं नाव सांगतलं.

काऊन नाई?... साल झालं तुमी बायाइच्या मिटिंगीले येत नाई, माहीत आहे मले... कोण म्हणते बाया ऐकणार नाई?... डांबराचा वास नव्हता हे मीच सांगते ना सगळ्याइले... हो, गावसभेत ठरलं होतं, पाला कोणी जाळायचा नाई... मंग जाळला कोणी म्हणता?

...

आहे, आहे. इथीच आहे मी.

नीलाबाई, त्या आठवड्यात माह्या पोरीले ताप होता. तिले काखेत घेऊन झाडाखाली झाडत बसाले येळ नव्हता... नाई, मधात बोलू नका. एकदा बोलू द्या. विनोदभाऊले म्या 'आमच्या गावचा धूर' इतकंच सांगतलं. मिटिंगीत बाया तुमाले टोचून बोलत होत्या, तवा मी तुमच्या बाजूलेच बसली होती, मान खाली घालून.

पाला म्या जाळला होता.