दोन्ही गुडघ्यांत फट

आमची पोरगी खो-खो खेळती, तुला म्हाईतच हाय. तिचा उजवा गुडघा लय दुखायला लागला, म्हणून आष्ट्याहून सांगलीला नेली. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे काढले. बघतो तर दोन्हीकडं हाडात फट!

"आवं डॉक्टर, डावा कवा मोडला? त्यो तर दुखत बी न्हाई!"

"काहीच मोडलेलं नाही. तेरा वर्षांची आहे, त्या फटीतूनच हाड वाढतंय. उजव्यावर खेळताना जास्त ओढ बसते, म्हणून तो दुखतो. दुखणं कमी होईपर्यंत पळणं बंद."

संघाची निवड तोंडावर, पोरगी रडायला लागली. मला काय कळलं न्हाई, तरी मान हलवली.

घरी बायकोनं विचारलं, "काय झालंय तिला?"

"वाढतीया म्हणाले."

"दर दोन महिन्यांनी तिच्या सलवारीची दुमड मीच उसवतीया. एवढं ऐकायला सांगलीला गेलासा व्हय?"