पोळ्याचा पहिला मान

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षी, वलगावच्या पोळ्यात बैलांच्या गळ्यांत चांदी लखलखत होती. तोरणापाशी पाटलांचे बैल धरून मी त्यांच्या मागेच उभा होतो.

“गोदामाय, बैलाच्या कपाळावर रुपया कावून बांधला वं?”

“रुपया नाही, पाटील. माह्या पोराचा, सूर्यभानचा बिल्ला हाय. इराणच्या लढाईत एकटा बुरुजावर चढला, तिथंच पडला. सरकारनं बहादुरीसाठी हा धाडला.”

“मंग देवापाशी ठेवाचा ना.”

“हा वासरू होता तवा याची माय मेली. सूर्यभाननं मांडीवर घेऊन दूध पाजलं याले. त्याच्या हातचं आता एवढंच रायलं.”

“महादू, माहे बैल मांगं घे.”

“पण पाटील, तोरणाचा पयला मान तुमचा!”

“मी कोनता बुरुज चढलो रे? सरक बाजूले. माय, हाक बैल. आज तोरणाखालून पयला सूर्यभान जाईल.”