ढब्बूची सुई

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा मांडीवर टोपली घेऊन बसले होते. टोपलीत ससा होता आणि नात त्याच्या कानांवरून बोट फिरवत होती.

"आजोबा, तुमचं मटणाचं दुकान होतं तेव्हा तुम्ही ससे कापायचात?"

"कापायचो. घरीही खायचो."

"मग ढब्बूला का नाही?"

"ढब्बू आपला आहे."

"ते ससे कुणाचे नव्हते?"

"असतील. मी कधी विचारलं नाही."

"कोंबडी तर आपण अजून खातो."

"खातो."

"म्हणजे ज्याचं नाव ठेवलं तो वाचला?"

"तसंच दिसतंय, बाळा. हा काही न्याय नाही, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू?"

"मग आपण सगळ्यांनाच नावं ठेवू या."

"सगळ्यांना नावं ठेवायला तुझी आजी आहे तेवढी पुरे."

"डॉक्टर याला सुई टोचणार?"

"टोचणारच. दोन दिवस पाल्याला तोंड लावलं नाही त्याने."

"तुम्ही घट्ट धराल ना त्याला?"

"तू धर. मी बाहेर थांबतो. माझ्याच्याने बघवणार नाही."