बारशाचा व्हिडिओ कॉल

वाईच्या दवाखान्यात माझं बाळ मांडीवर झोपलेलं. पुढच्या बाकावर तान्ही नात घेऊन सासू-सून बसल्या होत्या.

“आत्याबाई, आज बारसं. ह्ये लडाखवरनं लेकीला पयल्यांदाच बघणार, आन् वायफाय सारखं जातंय! भिंतीवरचं बटण बंद करून चालू केलं, पिन काढून लावली, काय फरक न्हाई.”

“कपाटावरचं मशीन चांगलं हाय गं.”

“तुमाला काय म्हाईत?”

“मीच रोज पुसती की! त्येच्या लहरी बाळाला लागू नयेत म्हणून वर पितळंचं पातेलं पालथं घातलंय. एक लहर भाईर पडत न्हाई.”

“आवं, म्हणूनच तर!”

“व्हय? लाव तुज्या मामांस्नी फोन... आवं, ऐकलं का? वायफायवरचं पातेलं काढा. न्हाई, कायमचं न्हाई! आपल्या शंभूनं लेक डोळं भरून बघितली, की परत झाका.”