‘बंद करा’ नसलेला मेनू

हसा तुम्ही, पण कुठल्याही प्रोग्रॅममध्ये मी अजून आधी ‘बंद करा’ आहे का ते बघतो. रावेरच्या नानांना, केळीच्या व्यापाऱ्याला, मी पावत्या काढायला डेटाबेस करून दिला. मूळचे सगळे मेनू काढून मराठी मेनू बसवला. नाना म्हणाले, "धंद्याच्या जागी ‘बंद’ शब्द नको बरं." मी ते बटणच काढून टाकलं, कोपऱ्यातली फुलीसुद्धा.

संध्याकाळी प्रोग्रॅम बंद होईना, म्हणून नानांच्या ऑपरेटरने सरळ कॉम्प्युटरची वायर उपटली. सकाळी फाईल उघडेचना, म्हणून मला बोलावलं. बाहेर केळीचे ट्रक भरून उभे, पावती निघत नाही. नाना मागे येऊन उभे राहिले. वळून बघायची हिंमत होईना. ते हळूच म्हणाले,

"बाबा, मी ‘बंद’ नको म्हटलं होतं. ‘उघडा’ बी नको, असं कधी म्हटलं?"