फ्रॉक झाला की निघते

हॅलो?… हां, बोल गं चिमणे… नाही, झोपले नव्हते. दुपारची मी कधी झोपते?… तोंडात टाचण्या आहेत, थांब, काढते… हां. आता बोल.

हो, लक्षात आहे. साडेचारला बस, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानासमोर. सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेयस… अगं, ऐक ना. मी काय म्हणते, या खेपेला तुम्हीच जाऊन या तळ्यावर… नाही, ताप नाही, डोकं नाही, काही नाही… तुझ्या भावोजींना? त्यांना काय धाड भरलीय, बसलेत शब्दकोडं सोडवत.

फ्रॉक झाला नाही म्हणून… हो, तोच. पिवळा, बारीक पांढऱ्या फुलांचा. तळ्यावर घालायला शिवत होते ना… झाला नाही म्हणजे बसत नाही गं. खांदे जोडले, गळा केला, मुंढ्यांना पट्टी लावली. बाजू शिवायच्या आधी अंगाला लावून बघितला, तर पुढचं आणि मागचं जुळेचना. दोन्हीकडे चार-चार बोटं उघडं… हस. हे मघापासून हसतायत, आता तूही हस.

माप?… माप नाही घेतलं… नाही घेतलं, सांगतेय ना. खडूने आखला आणि कापला. हात आपोआप चालतो गं… अडतीस धरलं… कुठून म्हणजे? माझं माप अडतीसच आहे… कधीचं? थांब हं… लग्नाच्या वेळी शिंप्याने घेतलं होतं, तेच.

हो, सव्वीस वर्षं झाली… हो, मधे दोन बाळंतपणं झाली, मला माहीत आहे, मीच होते तिथे.

तू म्हणतेस ते खरंय. अख्ख्या शाळांची मापं घेतली मी. पोरगं दारातून आत आलं की छाती किती, उंची किती, टेप न लावता सांगते. आणि स्वतःला टेप लावायचं सुचलंच नाही. दुसऱ्या कुणी लावलाही नाही… रडत नाहीये. कापडाची खळ नाकात गेलीय.

आता कोण घेणार?… यांनी? यांना टेपची सरळ बाजू तरी कळते का… बरं बाई. अहो, जरा इकडे या. हे धरा. इथून मागून असं पुढे आणा… गुदगुल्या नका करू, ती ऐकतेय… किती?… एकशे बारा? अहो, उलटी बाजू आहे ती. इंच बघा, इंच… चव्वेचाळीस. ऐकलंस चिमणे? चव्वेचाळीस… एकशे बाराच्या मानाने बरंच म्हणायचं.

नाही, कापड चिंधीएवढंही उरलं नाही. आणि कापडाचं दुकान आज बंद. म्हणून म्हणते, यंदा तुम्ही जा, पुढच्या वर्षी मी नक्की… काय म्हणालीस?

कारणं नव्हती गं ती. उन्हाळा म्हणजे आमचा गणवेशांचा हंगाम. शाळा उघडायच्या आत हजार शर्ट, हजार स्कर्ट. मला उन्हाळा म्हटलं की करडं कापड आणि डोक्यावर गरगरणारा पंखा, एवढंच आठवतं… हो, यंदा नोकरी सोडली, मान्य… हो, दरवर्षी तूच विचारतेस. सात वर्षं ना?… आठ?… मोजलीस होय.

चिमणे?… असं नको म्हणूस. मला यायचं नाही असं कोण म्हणालं? यायचंय. फार यायचंय. सॅंडल परवापासून पुसून दाराशी ठेवलेत, विचार यांना. फक्त तुझ्या मैत्रिणी सगळ्या टापटिपीच्या, आणि मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवलेली. एकदा तरी स्वतःसाठी शिवलेलं घालून यावं असं वाटलं होतं. एवढंच.

कुठे?… बाजूला पट्ट्या? मुंढ्यापासून खालपर्यंत?… घालता येतील. पण कापड कुठलं… गणवेशाचं? आहेत ना, करड्या चौकडीचे पिशवीभर तुकडे पडलेत. अगं पण पिवळ्या फुलांच्या मधे करडी चौकडी? या वयात नापास होऊन पुन्हा शाळेत बसवल्यासारखी दिसेन मी… हे म्हणतायत, हात खाली ठेव, कुणाला दिसतंय.

वाजले किती?… तीन वीस. दोन पट्ट्या, चार सरळ शिवणी… होईल. ठेव तू फोन… का नको? मी काय पळून जातेय?… बरं, राहा. स्पीकर लावते. मशीनचा आवाज झाला तर तक्रार नको करूस.

…एक बाजू झाली… काय खातेयस गं? कुरकुर ऐकू येतंय. प्रवासाचा खाऊ आत्ताच संपव… अहो, इस्त्री तापवा तेवढी.

…दोरा तुटला. थांब… मी कुठे शिवी दिली? तुला भास झाला.

…बसमध्ये चढलीस वाटतं. मागे कोण हसतंय एवढं?… चव्वेचाळीस सांगितलंस सगळ्यांना? ये, भेट तू, मग बघते.

झालं. घालून बघते, फोन पलंगावर ठेवतेय हं…

…आले. चिमणे, बसला गं… हो, अगदी. हात वर जातात, खाली बसता येतं, श्वास घेता येतो… चौकडी दिसते, हात हलला की लगेच दिसते. पण वाईट नाही दिसत. खरं सांगू? मला आवडलाय. मघापासून आरशासमोरून हलले नाहीये… हे कोडं खाली ठेवून बघतायत. अहो, काहीतरी बोला… मान हलवली. चांगल्या अर्थाने.

चार पंचवीस? कसे झाले? अगं, खालची दुमड राहिलीय. नुसता कच्चा दोरा घातलाय, हाताने, हे एवढाले टाके… नाही, तशी नाही येणार. बावीस वर्षं गणवेश शिवून झाले की तपासणीलाही मीच होते. एक दोरा लोंबताना दिसला तरी कपडा परत पाठवायचे. शिवणाऱ्या मुली माझ्या नावाने बोटं मोडायच्या. आणि मीच असं घालून रस्त्यावर?… दहा मिनिटं दे. बरं, पाच… ड्रायव्हर ऐकत नाही म्हणजे? त्याला सांग ना, ताई येतेय म्हणून.

खिडकीतून? थांब, बघते… हो, दिसली बस. लागली दुकानासमोर. तू कुठेयस?… दिसलीस. अगं, दारात अशी लोंबकळू नकोस, पडशील… मोठी झालीस तरी अक्कल नाही आली.

अहो, सुई द्या ती… नको. राहू दे.

चिमणे, ऐक. कच्चा दोरा आहे तशीच येते मी. सुटला तर सुटला… हो, निघाले. अहो, ती पिशवी द्या. आणि दोन दिवस जेवणाचं तुमचं तुम्ही बघा… नाही गं, तुला नाही, यांना सांगतेय. ठेव आता, मला जिना उतरायचाय.